हिरवे आबा

प्रिंटर आम्हाला फुकट मिळाला होता आणि त्याचा राग मला अजून येतो. कॉम्प्युटर घेतला तेव्हा दिवाळीच्या स्कीममध्ये दुकानदाराने तो आमच्या गळ्यात मारला. सोबतच्या शाईत चाळीसेक पानं निघाली. ती संपल्यावर मी नवी शाई आणायला गेले, किंमत ऐकली आणि म्हटलं, "अहो, शाई आहे का केशर?" दुकानदार नुसता हसला. रोज दहा बायका त्याला हेच विचारत असणार.

मी नागापूरच्या एमआयडीसीत एका कंपनीत डिस्पॅचला आहे. माल खोक्यात भरला की त्यावर लेबल छापून चिकटवायचं, हे माझं काम. लेबल वाकडं लागलं तर मला जेवण जात नाही. कंपनीत शाई कंपनीची, तिथे माझा हात सढळ. घरी आले की मात्र मी दुसरीच बाई होते, असं आमच्या घरात सगळ्यांचं मत आहे. मी काडेपेटीएवढ्या त्या डबीला केशराचे पैसे मोजायला तयार नव्हते. मी बाटलीतली सुटी शाई आणली, मेडिकलमधून इंजेक्शनची सिरिंज आणली आणि डबीच्या भोकातून आत शाई भरायला शिकले. पहिल्या वेळी निम्मी शाई ओट्यावर सांडली. तो डाग अजून आहे. बोटांवरचा डाग आठवडाभर टिकायचा आणि कंपनीत विचारायचे, मतदान कधी झालं?

घरात नियम केले. ड्राफ्टवरच, म्हणजे कमी शाईत फिकट छापायचं. काळ्यात भागत असेल तर रंगीत छापायचं नाही. आभाळ, समुद्र, भिंत असलं काही तर बिलकुल नाही, कारण तेवढ्यात अर्धी डबी जाते. मुलीला शाळेत सूर्यमालेचा तक्ता करायचा होता, तेव्हा मी सूर्याचा नुसता गोल छापून दिला आणि म्हटलं, आत खडूने रंगव. ती विसरली. बाईंनी वहीत शेरा मारला, 'सूर्य कुठे आहे?' नवऱ्याने तो शेरा फ्रिजवर लावला. वर्षभर मी तो रोज वाचला, पण पिवळी शाई सोडली नाही.

तर अशी मी. आता आबांचं सांगते.

आबा म्हणजे माझे वडील. तिसगावच्या पुढे आमची कोरडवाहू जमीन. ती माझा थोरला भाऊ करतो आणि जोडीला टेम्पो चालवतो. आबांकडे म्हातारपणी एकच काम राहिलं होतं. रब्बीच्या ज्वारीत दाणा भरायला लागला की उजाडायच्या आत मचाणावर जाऊन बसायचं आणि दिवसभर पाखरं हाकलायची. हातात गोफण असायची, पण गोफणीच्या दगडापेक्षा त्यांचा आवाज लांब जायचा. शेजारच्या तीन शेतांतली पाखरंसुद्धा त्याच आवाजाने उठायची आणि शेजारी आयते निजून राहायचे. घरात मात्र हा माणूस मुका. भाजीत मीठ नसलं तरी तसंच खाऊन उठायचे.

आबा कार्तिकात गेले. दहाव्याला पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. कावळे नव्हते असं नाही, समोरच्या बाभळीवर पाच-सहा बसलेले होते. तासभर झाला, प्रवचनकार महाराजांचं प्रवचन संपलं, लोक काव काव करून दमले. भावकीतला एक म्हातारा म्हणाला, "जलमभर पाखरं हानली या मानसानं. आता कावळा कशाला येतोय?" लोक तोंडावर उपरणं धरून हसले. मीसुद्धा हसले आणि लगेच रडायला लागले. मग रिवाजाप्रमाणे एकेकाने पुढे होऊन शब्द द्यायला सुरुवात केली, म्हणजे जीव कशात अडकला असेल ते सोडवायचं. विहिरीचं काम पुरं करू, आईला अंतर देणार नाही, असं सगळं बोलून झालं. कावळे ढिम्म. शेवटी दादा, म्हणजे माझा भाऊ, हात जोडून म्हणाला, "आबा, ज्वारीची राखण मोडू देनार न्हाई." एक कावळा खाली उतरला, भाताला चोच लावली आणि गेला.

त्या हंगामात दादा एकदाही मचाणावर बसला नाही. टेम्पोची भाडी होती. पाखरांनी निम्मी ज्वारी खाल्ली.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा आई डोळे तपासायला माझ्याकडे नगरला आली होती. येणाऱ्या पाहुण्यांना काय द्यायचं यावर फोनवर चर्चा चालू होती. दादाचं मत स्टीलच्या वाट्या. मी ओट्याशी स्वयंपाक करत होते, आई खाली बसून मेथी निवडत होती.

"वाट्या नको," ती म्हणाली. "शीडी काढा. वर तोंड असतं ती."

तेव्हा आमच्याकडे तशी पद्धतच पडली होती. दहाव्याचं प्रवचन रेकॉर्ड करायचं, ते सीडीवर घ्यायचं, सीडीवर गेलेल्या माणसाचा फोटो लावायचा आणि वर्षश्राद्धाला वाटायची. ती ऐकत कोणी नसे. सगळे खिळ्याला लावायचे.

"अगं, घरात एवढा मोठा फोटो लावलाय की त्यांचा," मी म्हटलं.

"त्यो फोटू त्येंचा न्हाई."

फोटो आबांचाच होता. बँकेच्या पासबुकावरचा छोटा फोटो दादाने स्टुडिओत दिला होता. स्टुडिओवाल्याने आपल्या बुद्धीने तो सुधारला. आबांना गोरं केलं, कोट घातला, टाय बांधला, मिशी सारखी केली आणि मागे धबधबा सोडला. फोटो घरी आला त्या दिवशी आई म्हणाली होती, "हे तर तलाठी दिसत्यात." आम्ही पोट धरून हसलो होतो. ती चेष्टा करत नव्हती हे मला त्या मेथीच्या दिवशी कळलं.

खाली बघूनच ती म्हणाली, "मला त्येंचं तोंड आठवंना, बाई."

मी गॅस बारीक केला.

"पाठ आठवती," आई म्हणाली. "पाठ इचार, सांगते. सदऱ्याला ठिगळ कुठं हुतं त्ये सांगते. टाचंला भेग किती हुती त्ये सांगते. चाळीस वर्सं म्होरं ते आन मागं मी. तोंडाकडं कवा बघनार? घरात सासू हुती, सासरा हुता, दीर हुते. बघायची सोय हुती का? ते सगळे गेले तवर ह्ये मचानावर जाऊन बसले आन मी ऱ्हायले चुलीपाशी. आता डोळं मिटलं का नुसती पाठ येती. वळत न्हाईत."

तिने आबांचं नाव कधी घेतलं नाही हे मला ठाऊक होतं. नाव घेत नाहीत ही रीतच होती, पण तोंडाकडेही बघितलं नसेल हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. मग राग आला. तो सासूवर काढावा, सासऱ्यावर काढावा की आबांवर, ते कळेना, म्हणून मी कुकरवर काढला. शिट्टी आपटली.

माझ्या मोबाईलमध्ये एक फोटो होता. आबा जायच्या आदल्या थंडीत मी हुरडा खायला गेले होते, तेव्हा मचाणाखालून काढलेला. उन्हासाठी उजवा हात आडवा धरलेला, त्याने कपाळ आणि दोन्ही भुवया झाकलेल्या. टोपी मागे सरकलेली, आणि पाखरांवर ओरडताना तोंड सताड उघडं. फोटो काढला म्हणून नंतर माझ्यावरही ओरडले होते. मी तो आईपुढे धरला. तिने मोबाईल लांब धरला, जवळ धरला, पदराने काच पुसली.

"ह्येच," ती म्हणाली. "ह्येच हायेत. पर लई बारीक हायेत."

मी म्हटलं, मोठा काढून देते, भिंतीला लाव. ते दादाला फोनवर कळलं तर तो म्हणाला, एका भिंतीवर दोन बाप कसे लावायचे, लोक काय म्हणतील? शिवाय धबधब्याच्या फोटोचे पैसे त्याने दिले होते. आईने आमचं भांडण ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भितीला नको. शीडीच काढ. घरोघर जाऊ दे. म्या पार इसरले तर कुनाच्या तरी घरी असतील."

मी फोन ठेवला.

कोऱ्या सीडी माझ्याकडे होत्या. कंपनीत एक खोकं टाकून देणार होते, ते मी साहेबांना विचारून घरी आणलं होतं. गोल लेबलांचे कागद विकत आणले, एका पानावर दोन लेबलं. प्रवचनाचं रेकॉर्डिंग चुलतभावाच्या मोबाईलवर होतं, मागे सगळीकडे काव काव. ते तसंच ठेवलं. मग मी फोटो गोलात बसवायला घेतला आणि वीस वर्षांत पहिल्यांदा माझी विद्या कमी पडली. सीडीला मधोमध भोक असतं. खोक्याला नसतं.

चेहरा मध्ये घेतला तर भोक नाकावर येत होतं. वर सरकवला तर टोपी कापली जायची आणि चेहरा रुपयाएवढा व्हायचा. बाजूला घेतला तर आई म्हणाली, "बाजूला कशाला? चोर हायेत का ते?" दादा त्या दिवशी टेम्पो घेऊन नगरला आला होता, त्याने येऊन आपली अक्कल चालवली. म्हणाला, कपाळावर घे, गंध लावल्यासारखं दिसेल. कपाळावर हात होता. हाताला भोक पाडलेला बाप मला चालणार नव्हता. दीड तास हे चाललं. आई चष्मा लावून माझ्या खांद्यावरून बघत होती.

"तोंडावर घे," ती म्हणाली.

"तोंडावर? अगं, तोंडाच्या जागी भोक दिसेल!"

"मग उघडंच हाय की. तिथं भोकच हाय."

मी फोटो सरकवला. सीडीचं भोक आबांच्या उघड्या तोंडात बरोब्बर बसलं. चेहरा मोठा राहिला, टोपी राहिली, हात राहिला, आणि आबा खरोखर ओरडताना दिसायला लागले. दादा बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला आणि मग चहा न घेता निघून गेला.

छपाई मी रविवारी संध्याकाळी काढली. एकशे एक सीड्या करायच्या होत्या. सिरिंजने चारही रंग काठोकाठ भरले आणि ड्राफ्टवर टाकलं. आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मनात हिशेब असा होता की माणसं लांबूनच बघणार, खिळ्याला लावणार, कोण भिंग लावून बघतंय. बेस्टवर टाकलं असतं तर एकेका आबांना तिप्पट शाई लागली असती. पानं बाहेर यायला लागली तशी मी आणि मुलगी लेबलं सोलून सीडीवर चिकटवत गेलो. खोलीतला बल्ब पिवळा. मुलगी एकदा म्हणाली, "आई, आजोबा जरा वेगळे दिसतायत." मी म्हटलं, शाई ओली आहे, वाळल्यावर रंग येईल.

सकाळी उन्हात बघितलं तर आबा हिरवे होते. लाल शाईची डबी मध्येच कोंदली होती. लाल गेला की उरतो निळा आणि पिवळा, आणि त्यात माणूस कैरीसारखा होतो. सुरुवातीचे चार-पाच बरे, मग पोपटी, मग गर्द. एकूण तेवीस आबा वाया गेले. लेबल सोलून परत लावावं म्हणून एकाच्या कडेला नख लावलं तर सीडीचा चकचकीत पापुद्रा लेबलाबरोबर सुटायला लागला, म्हणून बाकीच्यांना हात लावला नाही. मी डोक्याला हात लावून बसले. तेवढ्यात आई चहा घेऊन आली.

मला वाटलं आता ही रडणार. तिने एक सीडी उचलली, उन्हात तिरकी केली.

"हिरवे झाले व्हय," ती म्हणाली. "बरं दिसत्यात."

मी डबी कोमट पाण्यात धरून लाल मोकळी केली आणि बाकीचे आबा नीट छापले. ड्राफ्टवरच. वर्षश्राद्ध व्यवस्थित पार पडलं. आईने स्वतःसाठी चांगली सीडी एकही ठेवून घेतली नाही, सगळ्या पाहुण्यांना वाटल्या. "माज्याजवळ ह्ये हायेत की," म्हणाली आणि हिरव्यांची पिशवी उचलली.

मी म्हटलं, "आई, ते असे ठेवू नयेत गं. कचऱ्यात तर टाकता येणार नाहीत, पण पाण्यात सोडून देऊ."

"पान्यात कशाला? त्येंना पोहता येत न्हाई."

ती पिशवी घेऊन तिसगावला गेली आणि मी माझ्या खोक्यांकडे गेले.

महिनाभर मी विसरले होते. मग एका लग्नात मावसभावाच्या मोटारसायकलला मागे, नंबरप्लेटच्या वर, आबा दिसले. त्याने रिफ्लेक्टर म्हणून कॅरिअरच्या दांडीला लावले होते, चकचकीत बाजू मागे आणि चेहरा वर उन्हात. मी त्याला तिथेच, लग्नाच्या मांडवात, असं झापलं की वरमाईने मध्ये येऊन मला पाणी दिलं. त्याने बिचाऱ्याने सीडी काढून माझ्या हातात दिली. उलटी करून बघितली तर आबांचा चेहरा पांढुरका झालेला. डोळे जेमतेम होते, गाल गेलेले. मला वाटलं चिखलाने, पावसाने झालं असेल. पण पाऊस पडून दोन महिने झाले होते. बाटलीतली शाई उन्हात टिकत नाही, हे मला माहीत होतं. बाटलीवरच लिहिलेलं होतं.

संक्रांतीला तिळगूळ घेऊन मी तिसगावला गेले. घरात आई नव्हती. वहिनी म्हणाली, रानात हायेत, रोजच जात्यात. मी बांधाबांधाने गेले. ज्वारी डोक्याच्या वर, कणसं पांढरी भरलेली, आणि लांबून नुसतं लकलक चाललेलं. जवळ गेले तर काठ्या रोवलेल्या, काठ्यांना सुतळ्या बांधलेल्या, आणि सुतळीला हिरवे आबा. वाऱ्याने गरगर फिरत होते. एकदा आबा, एकदा चकाकी, पुन्हा आबा. प्रत्येकाच्या तोंडातून सुतळी ओवलेली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आई मचाणावर बसली होती, दादाने तिला चढायला लाकडी पायऱ्या करून दिल्या होत्या. मी खालूनच ओरडले, "आई! बापाला टांगलंस तू? पाखरं हाकलायला बापाला टांगलंस? आणि तोंडातनं सुतळी?"

"मग कुठनं ओवू?" ती वरून म्हणाली. "भोक एकच हाय."

"लोक काय म्हणत असतील!"

"राम राम म्हनत्यात."

ते खरं होतं. मी तिथे असतानाच पलीकडचा एक म्हातारा बांधावरून गेला आणि जाता जाता कडेच्या आबांना सवयीने हात वर करून गेला. मला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून आणखी राग आला. मी तरातरा पायऱ्या चढून वर गेले, भांडायला. वर गेल्यावर मात्र मला भांडता आलं नाही. तिथून तेवीसच्या तेवीस आबा समोर दिसत होते. आईच्या डोक्यावरचा पदर मागे पडला होता आणि तिला त्याचं भान नव्हतं.

"दादानं कावळ्याला सबूद दिला हुता," ती म्हणाली. "त्याला टेम्पू हाय. मंग म्हनलं, ज्येचं काम हाय त्येलाच लावू. घरात तरी कवा बसले हुते? औंदा पाखरू टेकलं न्हाई बघ."

मी तिच्याजवळ बसले. ती हळूच म्हणाली, "आन घरात बघायला लोक हुते. हितं कोन हाय?"

ती बघत होती. वारा आला की ते सगळे तिच्याकडे तोंड करायचे, फिरायचे, पुन्हा तिच्याकडे तोंड करायचे, आणि ती एकाकडून दुसऱ्याकडे बघत होती, भाकरी करताना तव्याकडे बघते तशी, निवांत. सहा मुलं होऊन त्यातली दोन जगली, आणि या बाईला नवऱ्याचं तोंड बघायला आत्ता वेळ मिळाला. मला फार वाईट वाटलं. मग लक्ष गेलं ते जवळच्या काठीवरच्या सीडीकडे. हिरवा रंग निळसर पडला होता. दवाने टोपीची कड फुटून गालावर ओघळली होती. पाठच्या रांगेतल्या दोघांचे तर डोळेच गेले होते. आईला अजून समजलं नसावं, तिचा चष्मा तेवढा चांगला नव्हता. मी हिशेब केला. ज्वारी निघायला महिना-सव्वा महिना होता, आणि माझी शाई तेवढे दिवस काढणार नव्हती.

मला स्वतःची चीड आली. खोक्यात नटबोल्ट असतात, त्यांच्या लेबलाला मी चांगली शाई वापरते. तिने जन्मात एक मागितलं, ते मी ड्राफ्टवर छापून दिलं. तिला शाईचं सांगितलं नाही. तिळगूळ दिला, गोड बोल म्हटलं, ती म्हणाली तूच बोल.

नगरला आल्यावर मी त्याच दुकानदाराकडे गेले आणि प्रिंटरच्या कंपनीच्या खऱ्या शाईच्या डब्या मागितल्या, चारही. किंमत विचारली नाही. दुकानदाराने दोनदा माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? जाड, चकचकीत लेबलांचे कागद घेतले. त्या रविवारी भर दुपारी खिडकीशी बसून मी प्रिंटर बेस्टवर लावला. आमच्या घरात तो पर्याय कोणी कधी दाबला नव्हता. एक पान निघायला इतका वेळ लागायचा की मुलगी म्हणाली, बंद पडलाय वाटतं. बंद पडला नव्हता. एकेक रेघ भरत होता. तेवीस आबा छापले, आणि माणसाच्या रंगाचे. प्रत्येक लेबल वाळू दिलं, मग चिकटवलं, एकही वाकडं नाही. नवरा दारात उभा राहून बघत होता. संध्याकाळी फ्रिजवर तो सूर्याचा शेरा नव्हता.

मध्ये कंपनीत वर्षअखेरचा माल निघायची घाई लागली, सुटी मिळेना, आणि मी पोचले तेव्हा ज्वारी काढणीला आलेली. निम्मं रान उपटून झालं होतं, पेंढ्या आडव्या पडल्या होत्या. काठ्या तशाच होत्या. सीड्या फिरत होत्या. एक बाजू चकचकीत, दुसरी पांढरीफटक. मी एक हातात घेतली. टोपी नाही, हात नाही, काही नाही. नुसतं भोक राहिलं होतं.

आई पेंढ्या बांधत होती. मी पिशवी घेऊन तिच्यापुढे उभी राहिले आणि लहान पोरीसारखी रडायला लागले. म्हटलं, "आई, माझ्या शाईनं घालवले गं आबांना. मी पैसे वाचवले. स्वस्तातली शाई होती ती. मला माहीत होतं तरी वापरली."

तिने हातातल्या पेंढीचा आळा पुरा बांधला, मग उठली. कमरेला हात लावून एकदा त्या पांढऱ्या सीड्यांकडे बघितलं.

"गेले व्हय," ती म्हणाली. "म्हनलंच, चार रोज झालं कोरे दिसत्यात. मला वाटलं चष्म्याचं हाय."

"मी नवीन आणलेत. बघ. हे जाणार नाहीत."

तिने पिशवीतली एक सीडी काढली, लांब धरली, जवळ धरली. बराच वेळ बघितली. मग अंगठा आबांच्या आडव्या हातावर ठेवला, भुवईच्या जागी.

"ह्या हाताच्या खाली खाच हाय," ती म्हणाली. "डाव्या भुवईत. बैलानं शिंग मारलं हुतं. लगनात नवी हुती, लाल. अंतरपाट निघाला तवा म्या एकदाच वर बघितलं, तर पयली तीच दिसली. म्हनलं, हा तर भांडखोर दिसतोय. मंग सासूनं मागनं पाठीत बोट घातलं आन म्या खाली बघितलं."

मी सीडी हातात घेऊन बघितली. खाच दिसणं शक्यच नव्हतं, फोटोत त्या भुवईवर हात होता. मला ती खाच ठाऊकच नव्हती. टोपी नेहमी भुवईपर्यंत ओढलेली असायची. मी दादाला हाक मारून विचारलं. तो पेंढी खांद्यावर घेऊन उभा होता. म्हणाला, "व्हय, हुती की. आंघोळीला पानी द्यायचो तवा दिसायची. का गं?"

मी नाक पुसलं. आई परत खाली बसून पुढचा आळा वळत होती. ती त्या कोऱ्या सीड्यांकडे वर बघतसुद्धा नव्हती.

"मग या नव्या आता कशाला?" मी म्हटलं. "तुला तर आठवतंय."

"ठेव नीट गुंडाळून. पुढल्या साली बांधू."

"अगं, पण तुला आठवतंय ना आता?"

"मला आठवतंय," आई म्हणाली. "पाखरांना कुठं आठवतंय?"